रगडा काढला तर हुमणाचं काय होतं?

प्रश्न : मोरजीतलं आमचं जुनं घर दुरुस्तीला काढलंय. नव्या स्वयंपाकघरात सगळं ओट्यावर येणार, खाली बसून करायचं काही राहणार नाही. मागच्या पडवीतल्या दगडी रगड्याचं काय करायचं यावरून रोज बोलणी होतात. सासूबाई म्हणतात, रगडा गेला की हुमण (मासळीची आमटी) गेलं. मुलगा म्हणतो, हजार वॅटचा मिक्सर आणू, कोणाला कळणारसुद्धा नाही. मला स्वतःला चवीत फरक लागतो, पण तो खरा की मनाचा खेळ? आणि नव्या घरात पैसे घालायचेच, तर कशावर घालू?
– एक गृहिणी, मोरजी

उत्तर : फरक खरा आहे. सासूबाईंनी थोडं ताणलंय, पण मूळ मुद्दा त्यांचाच बरोबर. मुलाचा हजार वॅटवरचा भरवसा मात्र चुकीच्या जागी आहे.

ओल्या खोबऱ्यात साधारण एक तृतीयांश तेल असतं आणि जवळपास निम्मं पाणी. हे तेल मोकळं नसतं, बारीक बारीक पेशींत कोंडलेलं असतं. रगड्यातला गोल दगड खोबरं नुसतं चेचत नाही. एकाच वेळी दाबतो आणि खळग्याच्या खरखरीत अंगावर घासतो. त्या घासण्याने पेशी फाटतात, तेल अगदी लहान थेंबांनी बाहेर येतं आणि खोबऱ्यातल्याच प्रथिनांच्या आधाराने पाण्यात मिसळून राहतं. म्हणून रगड्यावरच्या वाटणाचं हुमण उकळी आली तरी एकजीव राहतं. भातावर वाढल्यावर पाणी एकीकडे आणि चोथा एकीकडे असं होत नाही.

मिक्सरचं पातं घासत नाही. ते कापतं आणि आपटतं. रिकामं फिरताना त्याचे मिनिटाला १८ ते २० हजार फेरे होतात, पण वेगाने इथे पुरं पडत नाही. मोठा तुकडा पात्याला सापडतो, त्याचे दोन होतात, दोनाचे चार होतात. तुकडे एका मापाखाली गेले की मात्र ते पाण्याबरोबर नुसते गरागरा फिरतात, पात्याच्या तावडीत येत नाहीत. वाटण अडतंय म्हणून आपण पाणी घालतो, पाणी वाढलं की कण आणखी निसटतात, म्हणून आणखी फिरवतो. शेवटी वाटण पातळ होतं, बारीक होत नाही. वर भांडं तापतं आणि तेलाचे थेंब एकमेकांना मिळून वाटणाबाहेर यायला लागतात. दोन्ही वाटणं चिमटीत घेऊन चोळून बघा. मिक्सरच्या वाटणात बारीक रवा बोटांना लागेल. रगड्याच्या वाटणाचा हाताला तेलकट लेप बसेल, कण लागणार नाही.

मिरचीचं तेच. तुमच्या शेजारच्या हरमलच्या मिरचीला आता भौगोलिक मानांकन आहे. पण कुठलीही सुकी मिरची घ्या, साल चिवटच असते. मिक्सरमध्ये तिच्या लाल चिंध्या होतात, त्या हुमणात तरंगताना दिसतातच. मिरचीचा लाल रंग तेलात उतरणारा आहे, पाण्यात नाही. दगडाखाली मिरची खोबऱ्याच्या तेलाबरोबर रगडली जाते तेव्हा रंग सगळ्या वाटणात भिनतो. तेवढ्याच मिरच्यांत रगड्याचं हुमण जास्त लालबुंद दिसतं ते याच कारणाने.

एवढं सांगून झाल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. रगड्याचं सर्वांत जास्त कौतुक करणारे लोक बहुधा रगड्यासमोर बसणारे नसतात. एका हाताने दगड फिरवायचा, दुसऱ्या हाताने कडेला चढलेलं वाटण पाण्याच्या बोटांनी परत आत लोटायचं, आणि दोन्ही हातांचा ताल चुकला की बोट चेपलंच. सकाळी अर्धा-पाऊण तास हे रोज करायचं, तेही चुलीवर पेज असताना. ज्यांनी चाळीस वर्षं केलं त्यांचे खांदे विचारा. १९६३मध्ये मुंबईत सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याने ‘सुमीत’ मिक्सर बनवणारी कंपनी काढली. त्यांच्या घरातलं जर्मन यंत्र आपल्याकडच्या वाटणापुढे टिकलं नाही, तिथून ही गोष्ट सुरू झाली. परदेशी यंत्रं फळांचा रस आणि सूप यांच्यासाठी घडलेली. भिजवलेली डाळ आणि सुकी मिरची त्यांच्या गावीही नव्हती. त्या मिक्सरने घराघरातल्या बायकांचा जो वेळ वाचवला, त्याच्यापुढे हुमणातला रवा मी माफ करून टाकतो.

तर मग हजार वॅटचा घ्यावा का? नको. वॅट म्हणजे ताकद, बारीकपणा नव्हे. जास्त वॅटचं यंत्र जास्त माल न थकता ओढतं, एवढाच त्याचा अर्थ. चार-पाच माणसांच्या घराला ५०० ते ७५० वॅट पुष्कळ झाले. वाटण बारीक होणार की नाही हे भांड्यावर ठरतं. चटणीचं लहान भांडं ज्याच्याबरोबर चांगलं येतं तो मिक्सर घ्या. दुकानात भांडं उघडून पातं तळाच्या किती जवळ आहे ते बघा. खाली बोटभर जागा सुटलेली असेल तर एका नारळाचं वाटण पात्याखालीच बसून राहणार.

आणि वापरण्याची रीत थोडी बदला. मिरच्या, धणे आणि हळद कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. आधी फक्त एवढंच, चिमूटभर मिठाबरोबर, जेमतेम पाण्यात वाटून घ्या. मीठ खरखरीत असल्याने घासायला मदतच होते. हे गंधासारखं झाल्यावरच खोबरं घाला, चिंच शेवटी. भांडं निम्म्याच्या वर भरू नका. सलग फिरवण्यापेक्षा थांबत थांबत फिरवा, मध्ये झाकण काढून कडेचं खाली ओढा. खवलेलं खोबरं फ्रिजमधून काढून सरळ मिक्सरात टाकू नका. खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली थिजतं, आणि थंड खोबरं फिरवलं की लोण्यासारख्या पांढऱ्या कण्या येतात. त्या मग हुमण तापल्यावर वर तेल होऊन तरंगतात. तेफळं मिक्सरला दाखवूसुद्धा नका. ती किंचित ठेचून वरून सोडायची. वाटली तर सगळं हुमण कडू.

मिक्सर मध्येच बंद पडला तर लगेच दुरुस्तीवाल्याकडे पळू नका. उलटा करून बघा, बऱ्याच मिक्सरांच्या बुडाला लहानसं लाल बटण असतं. जास्त भार पडला की ते बाहेर येतं. दहा मिनिटं थंड होऊ द्या, बटण आत दाबा, थोडं वाटण काढून घ्या आणि मग चालू करा.

दगडाची चव हवी आणि बसणं नको, यावर मधला रस्ता कोइम्बतूरने काढून ठेवला आहे. पी. सभापती यांनी १९५५मध्ये तिथे विजेवर चालणारा दगडी रगडा बनवला. कोइम्बतूरच्या या वेट ग्राइंडरला २००५-०६मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे तो इडलीसाठी घडला, पण काम आपल्या रगड्याचंच करतो: दगडावर दगड, मिनिटाला शे-दीडशे फेरे, भांडं तापत नाही. ओट्यावर बसणारा दोन लिटरचा मिळतो. एक अडचण मात्र दुकानदार सांगणार नाही. त्यात माल कमी असला की तो दगडांना आणि भिंतीला चिकटून बसतो, वाटलाच जात नाही. एका वाटीच्या वाटणासाठी तो काढायचा, लावायचा, धुवायचा म्हणजे ताप. पोळ्यांचं पीठ, सान्नां, चवथीला पंधरा माणसांचं खतखतं अशा वेळी मात्र त्याला तोड नाही. तुमच्या घरी चवथीला सगळे भाऊबंद जमत असतील तर पैसे यात घाला, हजार वॅटात नको.

आणि जुना रगडा? तो पडवीतच राहू दे. नळ जवळ असेल अशा कोपऱ्यात, वाहून जायला उतार असलेल्या फरशीवर. जुलैत वीज गेली की त्याची किंमत मुलालाही कळेल. बरीच वर्षं पडून असेल तर आतून गुळगुळीत झाला असणार, मग दगड नुसता घसरतो. पाथरवटाकडून टाकी लावून घ्या. टाकी लावल्यावर आधी मूठभर तांदूळ वाटून फेकून द्यायचे, पीठ पांढरंशुभ्र येईपर्यंत. पहिल्या वाटणात दगडाची कच असते. दुरुस्तीच्या निमित्ताने जुने रगडे विकत घ्यायला येणारे लोक आता तुमच्या बाजूला फिरतात. त्या रगड्यांत पुढे पाणी भरून जास्वंदीची फुलं सोडलेली हॉटेलांच्या दारात दिसतात. शोभेलाच द्यायचा असेल तर बाणावलीला व्हिक्टर ह्युगो गोम्स यांनी उभारलेलं ‘गोवा चित्र’ संग्रहालय आहे, तिथे एकदा जाऊन या. अशी अवजारं कोण, कशी वापरत होतं ते तरी तिथे कळतं.

प्रश्न : उभ्या ओट्यावर आदोळी (विळी) चालत नाही. नारळ खवायला आणि मासळी कापायला दुसरं काय घ्यावं?
– मांद्रे

उत्तर : खवायला आहे, कापायला नाही.

खवण्यासाठी तीन गोष्टी मिळतात. ओट्याच्या कडेला स्क्रूने आवळायची खवणी, तळाला रबरी चकती असलेली दाबून बसवायची, आणि विजेवर चालणारी. रबरी चकतीचा ओट्याशी जम बसला पाहिजे. गुळगुळीत ग्रॅनाइटवर ती घट्ट बसते. कडाप्प्यावर किंवा फरशीच्या सांध्यावर हवा शिरते आणि ऐन जोरात नारळ हातात आणि खवणी जमिनीवर. आवळायची घ्याल तर ओट्याची कड किती जाड आहे ते आधी मोजून जा. दांडा फिरवायच्या खवणीत सगळ्यांत मोठा दोष असा, की हाताला अंदाज येत नाही. पांढरं संपून करवंटीलगतची तपकिरी साल कधी सुटायला लागली हे कळतच नाही. हुमणात ते खपतं. सोलकढीत आणि मणगण्यात दिसतं. आदोळीवर आपण आधी कडा खवतो, मग मध्यावर येतो, आणि साल लागली की दातांचा आवाज बदलतो, हात आपोआप थांबतो.

कापण्याचं म्हणाल तर सुरीत आणि आदोळीत मुळातला भेद आहे. सुरीने कापताना एक हात सुरीत अडकतो, मासळी एकाच हाताने धरावी लागते. आदोळीचं पातं पायाखालच्या पाटाला पक्कं, त्यामुळे दोन्ही हात मासळीवर. बुळबुळीत मासळीला राख चोळून दोन हातांनी पात्यावर ओढली की ती हलत नाही. तिसऱ्यांचं तर सुरीने जमतच नाही. शापोऱ्याच्या तिसऱ्या आणल्या, धुतल्या, थोडा वेळ फ्रीझरात ठेवल्या की त्यांची पकड सैल होते. मग शिंपल्याच्या दोन पाळ्यांमधली फट पात्याला लावायची, दोन्ही अंगठ्यांनी दाबून किंचित फिरवायची. मांस एका पाळीत सगळं येतं, दुसरी रिकामी पाळी फेकायची. उकळत्या पाण्यात टाकून उघडण्यापेक्षा हे बरं, कारण रस शिंपल्यातच राहतो आणि सुक्यात उतरतो. सुरीने हेच करायला गेलं तर सुरीचं टोक तळहातात जातं.

म्हणून ओट्याशेजारी हात-दीड हात मोकळी जमीन सोडून ठेवा. पाटाला घडी होणारी स्टीलची विळी मिळते ती मी सुचवणार नाही. बिजागरी सैल झाली की पातं डुगडुगतं आणि डुगडुगणारं पातं बोथट पात्यापेक्षा वाईट. लोहाराकडची लाकडी पाटाची घ्या, काम झालं की आडवी करून पातं भिंतीकडे ठेवा. घरात लहान मूल असेल तर त्या पात्याला जुन्या नळीचा तुकडा चिरून घाला.

प्रश्न : मातीच्या भांड्यातलं हुमण चांगलं लागतं म्हणून डिचोलीच्या कुंभाराकडून बुडकुलं आणलं, तर पहिल्याच दिवशी तडकलं. भांडं खराब की माझी रीत?
– डिचोली

उत्तर : बहुधा रीत. नवं भांडं कोरडं असतं, त्याच्या अंगाला असंख्य बारीक भोकं असतात. ते तसंच गॅसच्या मोठ्या आंचेवर ठेवलं की बूड फुगतं, वरचा भाग अजून थंड असतो, आणि फुटतं. विकत घेताना बोटाच्या पेरानं ठोकून बघा. खणखणीत वाजलं पाहिजे, भदभद आवाज आला तर आत चीर आहे. घरी आणल्यावर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्यात तांदळाची पेज मंद आंचेवर उकळा आणि तशीच निवू द्या. पेजेतलं पीठ भोकांत बसतं आणि भांडं पाझरायचं थांबतं. पुढेही आच नेहमी हळूहळू वाढवायची, तापलेलं भांडं ओल्या ओट्यावर टेकवायचं नाही, घासायला साबण नको. साबण भोकांत जातो आणि परवाच्या हुमणात बाहेर येतो. नारळाचा काथ्या आणि राख पुरे.

चव का येते हे विचारलं नाहीत, पण तेही सांगतो; उत्तर थोडं निराशेचं आहे. माती स्वतः फारशी चव देत नाही. ती काही बिघडवत नाही, हा तिचा गुण. आपल्या स्वयंपाकात आमसुलं, चिंच, बिंबलं, आंबाडे अशी आंबट मंडळी पदोपदी. ॲल्युमिनियमच्या टोपात हे शिजवलं की धातूचा थोडा अंश सुटतो, रंग काळवंडतो आणि जिभेला एक तुरट धार लागते. पितळेला कल्हई नसेल तर तांबं सुटतं, ते तर आरोग्यालाही वाईट. मातीला आंबटाचं काही वाटत नाही. चांगल्या स्टीललाही वाटत नाही, पण पातळ स्टीलचं बूड एका जागी तापतं आणि वाटण लागतं. माती सावकाश तापते, सगळीकडून तापते आणि सावकाश निवते. एवढंच लक्षात ठेवा की गॅस बंद केल्यावरही बुडकुल्यात हुमण बराच वेळ रटरटत राहतं. बांगडा पुरा शिजल्यावर गॅस बंद कराल तर वाढेपर्यंत त्याचा भुगा झालेला असेल. मासळी सोडली, एक उकळी आली, बंद.

चकचकीत रंगवलेली, झिलई दिलेली शोभेची भांडी चुलीवर ठेवू नका. झिलईत शिसं असू शकतं. आणि घरात इंडक्शनची शेगडी असेल तर माती, तांबं, ॲल्युमिनियम यांतलं काहीच तिच्यावर तापणार नाही. बुडाला लोहचुंबक चिकटला तरच ते भांडं तिथे चालतं.

कल्हईवाला हल्ली दिसत नाही अशी तक्रार पत्रात शेवटी आहे, ती रास्त आहे. भांडं तापवून आत नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उठला की कथलाची कांडी टेकवायची आणि वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्याने एका दमात सगळीकडे फिरवायचं, हे दोन मिनिटांचं काम बघायला आम्ही मुलं खेळ सोडून जायचो. कथील २३२ अंशांना वितळतं. म्हणजे कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर विसरलात तर कल्हई तुमच्या डोळ्यांदेखत पाघळते. पितळी टोपात भाजणं, फोडणी करकरीत जाळणं टाळा. उकळायची कामं करा.

प्रश्न : घावण्यांना आणि पोळ्यांना नॉनस्टिक बरा की बिडाचा? आणि एअर फ्रायर घ्यावा का?
– पेडणे

उत्तर : बिडाचा. नॉनस्टिकवर पहिल्या दिवसापासून सुटतं, हा त्याचा फायदा. पण घावण्याला जाळी पडायला तवा सणसणीत तापलेला लागतो, आणि नॉनस्टिकचा लेप २६० अंशांच्या पुढे खराब व्हायला लागतो. रिकामा तवा मोठ्या गॅसवर तिथे पोचायला फार वेळ लागत नाही. बिडाचा तवा जड, आणलेल्या दिवशी चिकटणारच. तेल लावून तापवायचा, निववायचा, पुन्हा लावायचा. तापलेल्या तेलाचा घट्ट काळा थर लोखंडावर बसतो आणि तोच तुमचा नॉनस्टिक. रोज अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून फिरवा. पावसाळ्यात धुऊन तसाच ठेवलात तर सकाळी तांबेरा, म्हणून गॅसवर कोरडा करून तेलाचा हात फिरवून ठेवायचा. भांडी घासणाऱ्या बाईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या प्रामाणिकपणे घासून तुमची सहा महिन्यांची मेहनत चकचकीत करून देतील.

एअर फ्रायर म्हणजे पंखा लावलेली लहान भट्टी. फिलिप्सने ती २०१०मध्ये त्या नावाने बाजारात आणली. बटाट्याच्या फोडी, पापड, आदल्या दिवशीचे समोसे यांना उत्तम. रवा लावलेली मासळी मात्र त्यात कोरडी पडते; रव्याला तेल लागतंच, आणि वरून तेल फवारायचंच असेल तर तव्यावर दोन चमचे काय वाईट?

प्रश्न : कुकरला नेमक्या किती शिट्ट्या? प्रत्येक घरी वेगळंच ऐकते.
– नवविवाहिता, मोरजी

उत्तर : शिट्ट्या मोजूच नका. १६७९मध्ये दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने पहिलं असं भांडं केलं तेव्हापासून तत्त्व तेच आहे: वाफ कोंडली की पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांवर उकळतं. शिट्टी झाली म्हणजे तेवढा दाब आला, एवढीच तिची बातमी. गॅस मोठा ठेवला तर पाच मिनिटांत सहा शिट्ट्या होतील, बारीक केला तर एकही होणार नाही, आणि दोन्ही वेळा आतलं तापमान जवळजवळ तेवढंच. शिवाय दोन कंपन्यांच्या शिट्टीची घडण वेगळी, त्यामुळे सासरच्या चार आणि माहेरच्या चार सारख्या नसतात. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि घड्याळ बघा. उकड्या तांदळाला साध्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. आपल्या तांदळाला किती, ते दोनदा बघून भिंतीवर लिहून ठेवा. गॅस बंद केल्यावर दाब आपणहून उतरू द्या, भाताचं निम्मं काम तेव्हा होतं. शिट्टीची नळी दर आठवड्याला उजेडाकडे धरून आरपार दिसते का बघा. डाळीचा फेस तिथेच अडकतो.

प्रश्न : मूळचे आम्ही कोरगावचे, आता न्यू जर्सीला. चवथीला घरी येतोय. परत जाताना काय न्यावं?
– न्यू जर्सी

उत्तर : मिक्सर नेऊ नका. आपला मिक्सर २३० व्होल्टचा, तिथली वीज १२० व्होल्टची. ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण तो मिक्सरच्या जवळपास दुप्पट क्षमतेचा लागतो आणि वजनाला मिक्सरपेक्षा भारी असतो. अमेरिकेच्या विजेवर चालणारे भारतीय घडणीचे मिक्सर तिथेच मिळतात. वेट ग्राइंडरचं आणखी एक: त्याच्या मोटारीचा वेग विजेच्या आवर्तनांवर ठरतो, आपल्याकडे ५०, तिथे ६०. इथला तिथे नेला तर ट्रान्सफॉर्मर लावूनही तो वेगळ्याच वेगाने फिरेल. तुमचे कोणी नातेवाईक इंग्लंडला असतील तर त्यांना ही अडचण नाही. तिथली वीज आपल्यासारखीच, फक्त पिना बदलायच्या.

न्यायच्या तर हलक्या गोष्टी न्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून करवंटीचे दोन दवले घ्या, ते कुठल्याच भांड्याला ओरखडा पाडत नाहीत. तांदूळ धुवायची बांबूची रोवळी घ्याल तर तिकडच्या विमानतळावर लाकूड-बांबूची वस्तू असल्याचं अर्जात लिहा, लपवू नका. आदोळी नेता येते, पण मोपा विमानतळावर हातसामानातून काढून घेतील. ती मोठ्या बॅगेत, पात्याला पुठ्ठा आणि वर जाड टॉवेल गुंडाळून.

रगडा मात्र इथून नेऊ नका, तुमच्या शहरातच आहे. मेक्सिकन दुकानात मोल्काहेते नावाचा तीन पायांचा दगडी खल मिळतो. तो ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचा, आपल्या रगड्यासारखाच खरखरीत. एका वाटीची चटणी, किसमुराचं सुकं वाटण त्यात झकास होतं. सिमेंटचे नकली मोल्काहेते विकायला असतात, तेव्हा पाण्याचे चार थेंब टाकून नखाने खरवडून बघा. राखाडी चिखल निघाला तर पुढच्या दुकानात जा. खरा मिळाला तरी पहिल्या दोन-तीन वेळा तांदूळ वाटून फेकून द्या, आणि मगच त्यात मीठ-मिरची घाला.